सागवानी फळीवरची श्री

मला एक खोड आहे. एखादी गोष्ट अशी का, हे कळल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. घरचे म्हणतात, याला नसत्या चौकशा फार. म्हणू देत. त्या चौकशीपायीच एका गावात मी असा काही अडकलो की अजूनही ते आठवलं म्हणजे जीव आधी खाली-वर होतो आणि मग निवतो.

निजामाच्या राज्याची शेवटशेवटची वर्षं होती. तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यात मोडत होतं. मी जालन्याचाच. वय कोवळं, मिसरूड नुकतं फुटलेलं आणि डोक्यावर नवी कोरी टोपी. भोकरदन तालुक्यात केदारखेड्याच्या पलीकडं एक लहानसं गाव होतं, तिथं माझी नेमणूक झाली. गावात सरकारी मदरसा, म्हणजे शाळा, पहिल्यांदाच सुरू झाला होता, तोही कच्चा. कच्चा म्हणजे असं, की दिवाळीनंतर मोहतमीम साहेब, म्हणजे शाळा तपासणारे वरचे अंमलदार, येणार, पोरांचं लिहिणं-वाचणं बघणार, आणि पसंत पडलं तर मदरसा कायम. नाही पडलं तर गाशा गुंडाळायचा. साहेबांबद्दल सगळीकडं एकच बोललं जाई, बाकी काही खपवून घेतील, पण खत म्हणजे हस्ताक्षर खराब दिसलं की संपलंच.

पहिल्याच दिवशी मारुतीच्या ओसरीवर पोरांना बसवलं आणि म्हटलं, येतं ते लिहा. पाट्या गोळा केल्या. बघतो तर काय, सगळ्या पाट्या थरथरत होत्या! खरंच सांगतो. अ चा काना उभा म्हणून सरळ नाही. तो खाली उतरता उतरता नागमोडी व्हायचा. क ची रेघ हलायची, ग हलायचा, डोक्यावरची रेघसुद्धा हलायची. एकाचं असतं तर समजलो असतो. इथं झाडून सगळ्यांचं तसंच.

मला आधी वाटलं, हिवताप. त्या भागात हिवताप फार, पूर्णेच्या काठाची गावं ती. एकेका पोराला पुढं बोलावून हात लांब करायला लावले. हात खुंटीसारखे ताठ, हलायचं नाव नाही. मग वाटलं, माझ्या नव्या टोपीला घाबरले असतील. म्हणून चार दिवस टोपी घरी ठेवली आणि पोरांशी गोट्या खेळलो. अक्षर हललेलंच. मला तर चैन पडेना. रागही यायचा. एका पोराला मी करवादून म्हणालो, ‘‘अरे, पेन्सिल धरलीस का साप धरलास?’’ तर तो निरागसपणे हातातल्या पेन्सिलीकडं बघायला लागला.

एकदा कंटाळून म्हटलं, जाऊ द्या, आज अक्षर नको, बैलगाडी काढा. आणि काय सांगू, त्या पोरांनी काढलेल्या गाडीची साटी सरळ, जू सरळ, चाकाचे आरे सरळ! त्याच पोराच्या हातानं त्याच पाटीवर वर क काढला तर तो हलतो आणि खाली गाडी काढली तर ती हलत नाही. म्हणजे दुखणं हातात नव्हतं, अक्षरात होतं. मी दोन पाट्या शेजारी-शेजारी धरल्या. दोन वेगळ्या घरची पोरं, पण अ च्या कान्यात लहर बराबर त्याच ठिकाणी होती. वर एक मोठी, मध्ये दोन बारीक. तिसरी पाटी घेतली, तिच्यातही तेच. थरथर कधी अशी ठरल्या जागी येत नसते. ही शिकलेली थरथर होती!

मग विचारलं पोरांना, ‘‘तुम्हाला अक्षर कोणी शिकवलं रे?’’

सगळे एका सुरात म्हणाले, ‘‘पंतोजींनी.’’

पंतोजी म्हणजे गावचे जुने शिक्षक. सरकारचा मदरसा यायच्या कितीतरी आधीपासून आपल्या घराच्या ओट्यावर पोरं बसवून शिकवायचे. कुणी जोंधळे द्यायचं, कुणी डाळ. आता म्हातारे झाले होते, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, अंधूक उजेड तेवढा दिसायचा. तरी गावातला रिवाज मोडलेला नव्हता. लेकराचं बोट पहिल्यांदा अक्षरावर टेकवायचं ते पंतोजींनीच. दसऱ्याला ते व्हायचं, मग वर्षभर ते लेकरू सकाळचं त्यांच्या ओट्यावर गिरवायचं, आणि हात वळला की आता पुढं मदरशात माझ्याकडं येऊन बसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ओट्यावर गेलो. पंतोजींनी पायांच्या आवाजावरनं ओळखलं. ‘‘या मास्तर. बसा. लेकरं गिरवून राह्यलीत.’’

समोर एक सागवानी फळी होती. जुन्या दाराची असावी, लांबरुंद, तेलकट झालेली. तिच्यावर सगळी मुळाक्षरं खोल कोरलेली, आणि सगळ्यांच्या वर, मधोमध, श्री. तिच्यावर वर्षानुवर्षांचं कुंकू बसलेलं. लेकरं एकामागून एक येत आणि त्या खोबणीतनं बोट फिरवत. नंतर तीच खोबण बोरूच्या बोथट टोकानं गिरवत. मी खाली वाकून बघितलं. अ चा काना. वर एक मोठी लहर, मध्ये दोन बारीक. सापडलं! मला इतका आनंद झाला की मी मांडीवर थाप मारली. पंतोजी हसले, ‘‘काय झालं मास्तर, डास?’’

‘‘डासच,’’ मी म्हणालो. पण तेवढ्यात त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला आणि माझा आनंद जागीच विरला. तांब्या त्यांच्या हातात नुसता खुळखुळत होता. अर्धं पाणी ओट्यावर सांडलं.

‘‘हे आसं हाय बघा,’’ ते म्हणाले. ‘‘कैक वर्सं झाली, हात हालतो. आधी बोरू हालायला लागला. म्या म्हणलं, पंतोजी, आता तुमचं अक्षर लेकरांम्होरं ठेवायच्या लायकीचं ऱ्हायलं न्हाई. आपला हालता हात लेकरांच्या अक्षरात उतरला तर? मंग ही फळी केली. एक आख्खा पावसाळा बसून कोरली. लाकूड काही हालत न्हाई, मास्तर. म्हणलं, माझा हात हालो न्हाईतर झडून पडो, लेकराचं बोट खोबणीतनं बराबर जाईन.’’

  ज्या गोष्टीपासून लेकरांना वाचवायचं म्हणून या माणसानं फळी कोरली, तीच गोष्ट त्यानं फळीत कोरून ठेवली होती. कोरतानाही हात हललाच होता. आणि डोळे तेव्हाही अधूच असणार. बोटानं चाचपून बघितलं असेल तर ते बोटही त्याच हलत्या हाताचं. त्याला ती खोबण सरळच लागली असणार.

आता माझी पंचाईत झाली. पोरांची अक्षरं साहेब यायच्या आधी सरळ व्हायला हवी होती, नाहीतर मदरसा जात होता. त्याचा एकच उपाय, ही फळी बाजूला करायची. आणि फळी बाजूला केली की हा म्हातारा विचारणार, काहून? म्हाताऱ्याला हे कळू द्यायचं नाही, एवढं मात्र मी ओट्यावरनं उतरता उतरताच ठरवलं. तसा मी तापट माणूस, पण त्या दिवशी मला कुणावर चिडावं तेच कळेना.

गावच्या सुताराला गाठलं. तोही पंतोजींच्याच हाताखाली शिकलेला, पण फळीच्या आधीचा, त्यामुळं त्याचं अक्षर ओळंब्यासारखं सरळ. त्याला सगळं सांगितलं. त्यानं कानाची बिडी काढली, पेटवली आणि निम्मी होईपर्यंत ओढली. शेवटी म्हणाला, ‘‘खोबण रुंद करावी लागंल. सरळ, रुंद खोबण घेतली की लहर तिच्यात जिरून जाती. पर फळी आणणार कशी?’’

फळी आणणं सोपं गेलं. दसरा जवळ आला होता. मी पंतोजींना म्हणालो, ‘‘दसऱ्यासाठी फळी घासून, तेल पाजून आणतो. लाकूड कोरडं पडून राह्यलंय.’’

‘‘लय बरं व्हईन,’’ ते म्हणाले. ‘‘तेल पाजा तिला. माझ्यानं तर आता वाटीबी धरवत न्हाई.’’

जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, मदरशाला सुट्टी. त्या दिवशी सुताराच्या खोपटात दार लोटून काम चाललं. पटाशीचा एकेक घाव बसायचा आणि मी दाराच्या फटीतनं बाहेर कोणी येतंय का बघायचो. अ सरळ झाला, आ सरळ झाला. होता होता सगळी अक्षरं झाली आणि सुतारानं पटाशी खाली ठेवली.

‘‘अरे, श्री राहिली,’’ मी म्हणालो.

‘‘ती न्हाई करणार.’’

‘‘काहून?’’

‘‘तिच्यावर कुंकू हाय, मास्तर. गावातल्या लेकराचं पहिलं बोट तिच्यावर टेकतंय. तिला लोखंड लावायचं न्हाई. तुम्ही मला कामावरनं काढा, गावातनं काढा, मी न्हाई लावणार.’’

मी खूप भांडलो. शास्त्र सांगितलं, साहेबाचा धाक घातला, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. तो पटाशीला तेल लावत बसला. शेवटी म्हटलं, मरो. एका अक्षरानं काय बिघडतंय?

दसऱ्याच्या सकाळी ओट्यावर गर्दी. फळीला झेंडूचा हार, पाट्यांवर सरस्वती काढलेल्या. त्या वर्षी नवं लेकरू एकच होतं, वेशीजवळच्या एका घरची मुलगी. परकर नवा, नाकात शेंबूड, आणि डोळे असे की साऱ्या जगाची झडती घेत होते. तिच्या आईनं तिला पंतोजींच्या मांडीवर बसवलं. पंतोजींनी तिचं बोट धरलं आणि श्री वर टेकवलं. त्यांचा हात हलत होता, खोबणही हलती, दोघांचं सालोसालचं जमलेलं. श्री झाली. मग त्यांनी तिचं बोट अ वर नेलं.

आणि थांबले.

थोडं पुढं गेले, पुन्हा थांबले. मुलीचं बोट तसंच धरून मागं श्री वर आले. पुन्हा अ वर गेले. मग मुलीचं बोट सोडून नुसतं आपलं बोट अ च्या कान्यातनं वरून खाली नेलं, अगदी सावकाश.  इतक्या दिवसांत माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं! सगळी अक्षरं बदलली असती तर त्यांना कदाचित तेल-पाण्याचा फरक वाटला असता. आम्ही एक अक्षर जुनं ठेवलं होतं, आणि त्या एकाशी त्यांनी बाकीची ताडून बघितली.

त्यांनी मुलीचा विधी नीट पुरा केला, तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. लोक सोनं लुटायला शिवेकडं निघाले तसं त्यांनी अंदाजानं माझं मनगट धरलं.

‘‘मास्तर, तेल लय खोलवर पाजलंत.’’

मी फळीवरचा हार सारखा करू लागलो.

‘‘किती लेकरांचं हाललं?’’

‘‘पंतोजी, अक्षर चांगलंच हाय त्यांचं. जरा—’’

‘‘किती?’’

‘‘सगळ्यांचं,’’ मी म्हणालो.

म्हातारा रडला. आवाज नाही, काही नाही, नुसतं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत राहिला. मग म्हणाला, ‘‘मंग हिला काहून सोडलं? श्रीला बी सरळ करा. लेकरांचं नुसकान नको.’’ मी सुताराचं सांगितलं. ‘‘येडं हाय ते,’’ एवढंच बोलले आणि फळी माझ्या अंगावर ढकलली. ‘‘न्या ही मदरशात. आजपास्नं मी कुण्या लेकराच्या बोटाला हात लावणार न्हाई. माझं झालं.’’

मी खूप विनवलं. पण त्यांनी खरंच हात लावला नाही. फळी मारुतीच्या ओसरीवर आली. मोठी पोरंसुद्धा मी पुन्हा पहिल्यापासून गिरवायला बसवली आणि ती कुरकुरत गिरवू लागली. दिवाळीपर्यंत अक्षरं अशी सरळ आली की बघत राहावं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. पण रोज मदरशात जाताना तो मोकळा ओटा लागायचा. तिथं पंतोजी भिंतीला टेकून दोन्ही हात काखेत दाबून बसलेले असायचे, ते हात कुणाला दिसू नयेत म्हणून. मला तिकडं बघवायचं नाही. अक्षरं सुधारली होती आणि माणूस उठवून दिला होता.

साहेबांची स्वारी आली ती छकड्यातनं, धुळीनं पांढरी होऊन. शेरवानी, बारीक चष्मा, बोलणं मऊ पण नजर कडक. गावानं हट्टानं पंतोजींनाही आणून ओसरीच्या खांबाशी बसवलं होतं. हात काखेत. साहेबांनी पाट्या बघितल्या. एक बघितली, दुसरी बघितली, मान हलवली. मग भुवया वर गेल्या.

‘‘मास्टर, खत तो अच्छा है. बिलकुल सीधा. मगर ये ऊपर का हर्फ सब का हिलता क्यूँ है?’’

प्रत्येक पाटीच्या माथ्यावर श्री होती. आणि प्रत्येक श्री हलत होती.

मी काहीतरी चाचरत बोललो. साहेबांनी हातानंच गप्प केलं आणि विचारलं, ‘‘सब से छोटा बच्चा कौन है?’’ ती वेशीजवळची मुलगी उठून उभी राहिली. तिला अजून श्री आणि पुढची चार अक्षरं एवढंच येत होतं. साहेब म्हणाले, लिखो. तिनं जीभ दातांत धरून श्री काढली. वर एक मोठी लहर, खाली बारीक. साहेब म्हणाले, फिर से. तिनं ओल्या फडक्यानं पाटी पुसली आणि पुन्हा काढली. तश्शीच. तिसऱ्यांदाही तश्शीच. तेव्हा साहेबांनी तिच्या हातातली पेन्सिल घेतली. त्यांना आमची अक्षरं येत होती. त्यांनी पाटीवर स्वतः श्री काढली, सुरेख, सरळ, आणि पाटी तिच्यापुढं धरली.

‘‘ऐसा. देखो. ये श्री.’’

मुलीनं पाटीकडं बघितलं, मान तिरकी करून परत बघितलं. मग ठासून म्हणाली, ‘‘ही श्री न्हाई.’’

 मी मनात म्हटलं, गेला मदरसा. खांबाशी बसलेल्या पंतोजींना दिसत काहीच नव्हतं, ऐकू तेवढं येत होतं. त्यांनी माझा सदरा ओढला.

‘‘काय लिवलं सायबानं?’’

‘‘श्री.’’

‘‘मंग ती न्हाई काहून म्हणती?’’

‘‘सरळ काढलीय त्यांनी, पंतोजी. म्हणून.’’

त्यांचे ओठ हलले. तेवढ्यात साहेब मुलीपुढं उकिडवे बसले आणि त्यांनी मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, ‘‘मग श्री कशी असते, बेटी?’’ तिनं बोट खांबाकडं केलं. ‘‘त्यांची अस्ती तशी.’’ साहेब वळले. पंतोजींचे हात काखेतनं निसटून मांडीवर आले होते आणि उघड्यावर थरथरत होते. साहेबांनी ते हात बघितले, पाटी बघितली, पुन्हा हात बघितले. मग चष्मा काढून पुसला, उठले आणि जाऊन पंतोजींना वाकून सलाम केला. मला म्हणाले, ‘‘मदरसा रहेगा, मास्टर. और ये हर्फ सीधा मत करो.’’

छकडं गेलं, पोरं पांगली. मी फळी पुसत होतो, नुसता काहीतरी करत होतो, कारण वर बघितलं असतं तर मला रडू आलं असतं. पंतोजी अजून खांबाशीच बसलेले.

‘‘मास्तर.’’

‘‘जी.’’

‘‘सायबाची श्री हाय का पाटीवर अजून?’’

‘‘न्हाई. पोरीनं पुसून टाकली. तुमचीच काढून ठेवलीय.’’

 ते काठी चाचपत उठले.

‘‘उद्या फळी माझ्या ओट्यावर पाठवा,’’ ते म्हणाले. ‘‘आणि ती पोरगी बी. सकाळी, जल्दी.’’